आधी उंदीर, मग पिसवा, मग माणूस: बीडचे मामला गाव आणि घर तपासण्याची विसरलेली विद्या

ऑगस्ट १९९४. बीड जिल्ह्यातील मामला या लहानशा गावातून आरोग्य खात्याकडे एक तक्रार पोहोचली. ती कोणत्याही रोगाची नव्हती. गावात पिसवांचा उपद्रव फार वाढला आहे, एवढेच तिचे सार होते. त्याच सुमारास गावात उंदीर मरून पडत होते. महिना संपता संपता माणसांना ताप येऊ लागला, आणि जांघेत, काखेत गाठी दिसू लागल्या.

आधी उंदीर, मग पिसवा, मग माणूस. हा क्रम योगायोगाचा नव्हता. प्लेगविषयीच्या कोणत्याही जुन्या पुस्तिकेत तो पहिल्या काही पानांत सापडतो, आणि तो शोधून काढला गेला तो मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेत, मामल्याच्या सुमारे नव्वद वर्षे आधी. घराच्या आत राहणारा जैविक धोका कसा ओळखावा, कसा मोजावा आणि कमी कसा करावा, याचे शास्त्रशुद्ध शिक्षण ज्या मोजक्या रोगांमुळे जगात सुरू झाले, त्यांत प्लेगचे स्थान फार वरचे आहे. ही विद्या महाराष्ट्राच्या भूमीवर घडली, आणि महाराष्ट्रातल्याच एका गावाला तिची गरज पडली तेव्हा ती जाणणारे हात फार थोडे उरले होते.

मामल्याची गोष्ट घरांपासून सुरू करावी लागते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे क्षणात जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. एवढे मृत्यू होण्याचे मोठे कारण घरांची बांधणी हे होते. मराठवाड्यातील जुने घर म्हणजे दगड आणि मातीच्या दीड-दोन हात जाडीच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया, आणि तुळयांवर पांढऱ्या मातीचे जाड थर दिलेले माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे, पावसात वर्षानुवर्षे टिकणारे हे घर जमीन हलली की मात्र माणसाच्या अंगावर येते. शेजारच्या बीड जिल्ह्यातही धक्के जाणवले होते. लोक घाबरले, आणि ते घाबरणे शहाणपणाचेच होते.

पुढे तपास करणाऱ्यांनी मामल्याच्या साथीची जी संगती लावली ती अशी: भूकंपाच्या धास्तीने लोक घराबाहेर राहू लागले, धान्य मात्र घरातच राहिले. माणसांची वर्दळ नाही, चूल पेटत नाही, केरवारा होत नाही आणि खायला मुबलक आहे, अशा घरात उंदीर वाढले. उंदरांबरोबर त्यांच्या अंगावरच्या पिसवा वाढल्या. गावाबाहेरच्या रानातले उंदीर आणि घरातले उंदीर यांची सरमिसळ झाली आणि रानात दबून राहिलेला जंतू घराच्या आत आला. मग लोक परतले.

माळवदाचे घर ज्यांनी आतून पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. जाड भिंतीच्या दोन अंगांमध्ये भरलेली माती आणि चिपा, धान्य साठवण्याचे बळद, कोपऱ्यातली कणगी, अंगणातले पेव, तुळई जिथे भिंतीत शिरते तिथली पोकळी, शेणाने सारवलेल्या जमिनीच्या भेगा. उंदराला लागते ते सारे या घरात आहे. पिसवेलाही. पिसवेची अळी माणसाला वा उंदराला चावत नाही, ती भेगांतल्या धुळीत पडलेल्या सेंद्रिय कणांवर जगते. पिसवांच्या काही जातींत तर पूर्ण वाढलेली पिसू कोशात दबा धरून राहते आणि जमिनीवर पावलांचा हादरा जाणवला की बाहेर पडते. बंद घर उघडताच पायांवर पिसवा तुटून पडतात, हा अनुभव खेड्यात अनेकांचा आहे, त्यामागचे कारण हे. जे घर भूकंपाच्या अभियंत्याला एका कारणाने धोकादायक दिसले, तेच घर कीटकशास्त्रज्ञाला दुसऱ्या कारणाने धोकादायक दिसायला हवे होते. बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे ऊसतोडीसाठी हजारो कुटुंबे दरवर्षी सहा-सहा महिने घराला कुलूप लावून जातात, बंद घर ही काही अपूर्वाईची गोष्ट नाही.

जुन्या पिढीला हे ठाऊक होते. विसाव्या शतकाच्या आरंभी, बीड निजामाच्या राज्यात होते त्या काळी, दख्खनच्या गावोगावी एक अलिखित नियम होता: उंदीर पडू लागले की गाव सोडायचे आणि रानात झोपड्या घालून राहायचे. त्यांना जंतूचे नाव माहीत नव्हते. पण मेलेला उंदीर हा निरोप आहे, आणि तो मिळाल्यावर छपराखाली झोपायचे नाही, एवढे त्यांनी अनुभवातून पक्के जाणले होते.

सरकारला हे कळायला मात्र वेळ लागला, आणि त्या वेळाची किंमत फार मोठी होती.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला अलेक्सांद्र येर्सिन यांनी प्लेगचा जंतू शोधला होता. जंतू कोणता हे ठाऊक होते. तो माणसापर्यंत कसा येतो हे ठाऊक नव्हते. घाण, दमट जमीन, कोंदट हवा, गर्दी यांतून रोग उपजतो, ही समजूत प्रबळ होती. म्हणून घर हाच शत्रू ठरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला आणि अधिकाऱ्यांना घरात शिरण्याची, सामान जाळण्याची, माणसे हलवण्याची मुभा मिळाली. मुंबईत घरांच्या जमिनी उकरल्या गेल्या, ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले काढली गेली, गटारांत कार्बोलिक ओतले गेले आणि राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर ‘यू.एच.एच.’ ही अक्षरे रंगवली गेली. गटारे धुऊन काढण्याच्या या धडाक्याने उंदीर एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत पसरले असावेत, असे पुढच्या अभ्यासकांनी म्हटले आहे.

पुण्यात काय झाले ते मराठी माणसाला सांगण्याची गरज नाही. वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग कमिटीने घरझडतीसाठी गोरे सैनिक लावले. स्वयंपाकघरात, देवघरात बुटांनिशी शिरणे, बायकांची तपासणी, सामानाची नासधूस यांनी शहर संतापले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर यांनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. या प्रकरणाचा राजकीय इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. आरोग्याच्या इतिहासात त्याची नोंद वेगळ्या कारणाने व्हायला हवी. घरोघर फिरणाऱ्या त्या सैनिकांना नेमके काय शोधायचे ते माहीतच नव्हते. ते आजारी माणूस शोधत होते, लपवलेले प्रेत शोधत होते. बिळे, मेलेले उंदीर, पिसवा यांच्याकडे पाहण्याचे कोणी त्यांना शिकवले नव्हते, कारण शिकवणाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हते. जुलूम झाला तो झालाच, आणि त्या जुलमातून रोगाचा बंदोबस्तही झाला नाही.

उत्तर सापडले ते १८९८ मध्ये कराचीत. पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरांनी प्लेगच्या उंदरावरची पिसू निरोगी उंदराला प्लेग देते, हे साध्या प्रयोगाने दाखवले. पण त्यांच्या प्रयोगात त्रुटी आहेत असे म्हणून टी. आर. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या इंडियन प्लेग कमिशनने तो निष्कर्ष बाजूला सारला. सात-आठ वर्षे अशीच गेली, आणि ती प्लेगच्या सर्वांत घातक वर्षांपैकी होती. १८९६ पासूनच्या तीन दशकांत प्लेगने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली.

कोंडी फोडली ती विल्यम ग्लेन लिस्टन यांनी. वाल्डेमार हाफकिन यांनी उभारलेल्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, ते काम करत होते. तीच पुढे १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. १९०३ मध्ये लिस्टन यांनी मुंबईतील एका वस्तीचा बारकाईने मागोवा घेतला. तेथे आधी उंदीर मेले, मग रहिवाशांना पिसवांचा असह्य त्रास होऊ लागला, आणि मग माणसांना प्लेग झाला. लोकांच्या अंगावर सापडलेल्या पिसवांत उंदरांवरच्या पिसवा मोठ्या प्रमाणात निघाल्या. एरवी उंदीर सोडून माणसाकडे न फिरकणारी ही पिसू, उंदीर थंड पडल्यावर उष्ण रक्ताच्या शोधात माणसाकडे आली होती. मामल्याचा क्रम, जसाच्या तसा, मुंबईत आधीच लिहून ठेवला गेला होता.

लिस्टन यांची युक्ती कौतुकास्पद होती. घरातल्या पिसवा मोजायच्या कशा? त्यांनी प्लेग झालेल्या रिकाम्या घरांत गिनिपिग सोडले. रात्रभर घरात हिंडलेल्या गिनिपिगच्या अंगावर पिसवा गोळा होत. सकाळी त्या विंचरून काढायच्या, मोजायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली जात ओळखायची. घरातला अदृश्य धोका आकड्यात बसवण्याचा हा बहुधा पहिलाच इतका नेटका प्रयत्न असावा.

१९०५ मध्ये चार्ल्स मार्टिन यांच्या नेतृत्वाखाली नवे प्लेग संशोधन कमिशन आले आणि लिस्टन त्यात सामील झाले. परळला त्यांनी मुद्दाम छोटी छोटी घरे बांधली, वेगवेगळ्या छपरांची. जिथे छपरात उंदरांना थारा मिळाला, तिथे खाली पिसवा आल्या. प्लेगच्या घरांत त्यांनी गिनिपिगचे पिंजरे ठेवले: काही जमिनीलगत, काही टांगलेले, काही पिसू शिरू शकणार नाही अशा बारीक जाळीचे, काहींभोवती चिकट द्रवाचा पट्टा ओढलेला. हवा सर्वांना एकच होती. जमिनीलगतचे प्राणी मेले. दोन फूट उंच टांगलेले, जाळीआडचे, चिकट पट्ट्याच्या आतले वाचले. कारण पिसू काही इंचांपेक्षा उंच उडी मारू शकत नाही. घाण हवा, विषारी माती यांच्या साऱ्या उपपत्ती या पिंजऱ्यांपुढे निकालात निघाल्या. घर धोकादायक आहे, हे खरे होते. पण ते नेमके कुठे आणि कोणत्या उंचीवर, हे आता इंचांत सांगता येत होते.

पुढे १९१४ मध्ये बॅको आणि मार्टिन यांनी उरलेला दुवा जोडला. प्लेगचे जंतू पिसवेच्या अन्ननलिकेत वाढून गाठ होते, रक्त पोटात उतरत नाही, भुकेली पिसू वेड्यासारखी पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक चाव्यात जंतू ओकते. साऱ्या पिसवा यात सारख्याच तरबेज नाहीत. ‘झेनोप्सिला चिओपिस’ ही जात सर्वांत घातक. तिच्यासारखीच दिसणारी ‘अस्टिया’ तितकी नव्हे. दोन्ही साध्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. म्हणजे घर तपासणाऱ्याला सूक्ष्मदर्शक वापरता यायला हवा, हे ओघाने आले.

येथून संशोधन संपते आणि प्रशिक्षण सुरू होते. इतिहास लिहिणारे बहुधा शोधापाशी थांबतात. शोध गावापर्यंत नेणारा माणूस, बगलेत पिंजरे घेऊन फिरणारा कर्मचारी, ग्रंथांत क्वचितच सापडतो. त्याला जे शिकावे लागे ते असे.

संध्याकाळी घरोघर पिंजरे लावायचे: स्वयंपाकघरात, धान्याजवळ, तुळईवर. आत भाकरीचा किंवा भज्याचा तुकडा. सकाळी सापडलेला उंदीर पिंजऱ्यासकट कापडी पिशवीत घालून गुंगीचे औषध द्यायचे, म्हणजे पिसवा निसटत नाहीत. पांढऱ्या ट्रेवर उंदीर ठेवून कंगव्याने विंचरायचा. पडलेल्या पिसवा मोजायच्या, जात ओळखायची. ‘चिओपिस’ पिसवांची एकूण संख्या भागिले तपासलेले उंदीर, हा झाला चिओपिस निर्देशांक. तो एकाच्या वर गेला की गाव धोक्याच्या टप्प्यात आहे असे समजायचे. मेलेला उंदीर सापडला तर उघड्या हाताने उचलायचा नाही. त्याचे यकृत आणि प्लीहा यांचे नमुने काचेवर घ्यायचे, रंगवल्यावर दोन्ही टोकांना गडद, सेफ्टी पिनसारखे दिसणारे जंतू शोधायचे. संध्याकाळी घरातली सगळी बिळे मातीने बुजवायची आणि सकाळी किती पुन्हा उघडली ते मोजायचे, म्हणजे त्यांपैकी वापरात किती आहेत ते कळते.

आणि सर्वांत महत्त्वाचा धडा, जो उत्साही माणूस हमखास चुकतो: उंदीर आधी मारायचे नाहीत. आधी कीटकनाशकाची भुकटी बिळांत, भिंतींच्या पायथ्याशी, धान्याच्या कणगीभोवती मारायची. पिसवा मेल्याची खात्री करायची. झिंक फॉस्फाइडसारखे विष त्यानंतर. उंदीर आधी मारले तर त्यांच्या अंगावरच्या शेकडो पिसवा बेघर होतात आणि घरातल्या झोपलेल्या माणसांवर येतात. घर स्वच्छ करण्याच्या भरात घरातला धोका अनेक पटींनी वाढवता येतो. १८९७ च्या सोजिरांना शिकवायला हवे होते ते हेच.

हे शिक्षण देणाऱ्या संस्था हळूहळू उभ्या राहिल्या. कलकत्त्यात १९३२ मध्ये अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था निघाली. मुंबईत १९२६ मध्ये स्थापन झालेल्या, आज अखिल भारतीय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थानिक स्वराज्य संस्थेने स्वच्छता निरीक्षकांच्या पिढ्या घडवल्या. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट होतीच. दिल्लीची मलेरिया इन्स्टिट्यूट १९६३ मध्ये राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्था झाली आणि तिच्या बंगळुरूच्या प्लेग केंद्रात उंदीर-पिसवांचे सर्वेक्षण चालू राहिले.

मग प्लेगच नाहीसा झाला. निदान तसे वाटले.

दुसऱ्या महायुद्धानंतर डी.डी.टी. आले. १९५३ पासून राष्ट्रीय मलेरिया कार्यक्रमात घराघरांच्या भिंती फवारल्या गेल्या. मारायचे होते डास, त्यांच्याबरोबर पिसवाही मेल्या. प्रतिजैविकांमुळे आजारी माणूस वाचू लागला. १९६६ मध्ये कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात नोंदलेल्या रुग्णानंतर देशात माणसाला प्लेग झाल्याची खात्रीलायक नोंद अठ्ठावीस वर्षे झाली नाही. अशा रोगासाठी स्वतंत्र माणसे कशाला, हा प्रश्न प्रशासनाला पडणे स्वाभाविकच होते. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने एकेका रोगासाठी नेमलेल्या कर्मचाऱ्यांऐवजी बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी असावा अशी शिफारस केली. खेड्यातल्या कुटुंबाच्या दृष्टीने ती योग्यच होती. एकाच दारात चार खात्यांची चार माणसे येण्यात काही अर्थ नव्हता. पण एकाच माणसाने लसीकरण, कुटुंबनियोजन, हिवताप, क्षय, कुष्ठरोग सारे पाहायचे म्हटल्यावर उंदराच्या अंगावरची पिसू त्याच्या यादीत तळाशी जाणार, हेही ठरलेलेच. कीटक समाहारक हे पद खात्यात राहिले, पण त्याचा दिवस डासांत जाऊ लागला. एक पिढी निवृत्त झाली. तिच्या मागून आलेल्या डॉक्टरांनी प्लेग पाठ्यपुस्तकात वाचला होता, रुग्णाच्या जांघेत पाहिला नव्हता.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये मामल्याच्या तक्रारीवर कोणीच काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तक्रारीची नोंद झाली, फवारणी झाली, राष्ट्रीय संस्थेचे पथक आले, उंदीर पकडून तपासले गेले, लोकांना टेट्रासायक्लिन दिले गेले, घरोघर ताप आणि गाठींची चौकशी झाली. मामल्याची साथ ज्या पद्धतीने हाताळली गेली ती पाठ्यपुस्तकाला धरूनच होती. अडचण वेळेची होती. उंदीर पडणे आणि माणसाला ताप येणे यांच्यामध्ये दोन-तीन आठवड्यांची फट असते, आणि सारी विद्या त्या फटीत वापरायची असते. पिसवांच्या तक्रारीचा अर्थ त्याच दिवशी लावणारा माणूस तालुक्याच्या पातळीवर हवा, दिल्लीहून येऊन भागत नाही.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. पुढचे दिवस अनेकांना आठवत असतील: सुरतेहून निघालेल्या गर्दीने भरलेल्या रेल्वेगाड्या, तोंडाला रुमाल बांधलेली माणसे, औषधांच्या दुकानांतून नाहीशी झालेली टेट्रासायक्लिन, रद्द झालेली विमाने. लाखो लोकांनी शहर सोडले, त्यांत कापड आणि हिऱ्यांच्या कारखान्यांत काम करणारे मराठी मजूरही होते. मामल्याची गाठीची साथ आणि सुरतेची साथ यांना जोडणारा दुवा तपासकर्त्यांना निर्विवादपणे दाखवता आला नाही. पण जनतेच्या मनात दोन्ही एकच झाल्या.

जागतिक आरोग्य संघटनेकडे २६ ऑगस्ट ते १८ ऑक्टोबर या काळातील ६९३ संशयित रुग्ण रक्तचाचणीच्या आधारे नोंदले गेले आणि मृत्यू ५६. या ६९३ पैकी ४८८ महाराष्ट्रातील होते, गुजरातेतील ७७. मृत्यू मात्र बहुतेक सुरतेचे. आकड्यांची ही विसंगती समजून घेण्याजोगी आहे. गाठीचा प्लेग पिसवेमार्फत येतो, हळू चालतो आणि औषधाला दाद देतो. फुप्फुसाचा प्लेग खोकल्यातून थेट पसरतो आणि उपचाराला उशीर झाला तर जवळजवळ हमखास मारतो. शिवाय रक्तातील प्रतिपिंडे सापडणे म्हणजे जंतू सापडणे नव्हे. यावरूनच वाद पेटला. हा प्लेग नव्हेच, दुसराच काही रोग आहे, असे म्हणणारे मोठे डॉक्टर होते. प्रा. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालच्या तांत्रिक समितीने प्लेग असल्याचा निर्वाळा दिला. शंका तरीही रेंगाळल्या, त्या २००० साली हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी साथीच्या भागांतील जंतूंची जनुकीय ओळख प्रसिद्ध केली तोवर. जंतू प्लेगचाच होता.

जंतू कोणता यावर इतकी वर्षे वाद चालावा, यातही प्रशिक्षणाचाच प्रश्न दडलेला आहे. नमुना योग्य वेळी, म्हणजे प्रतिजैविक देण्याआधी घेणे, तो योग्य माध्यमात, योग्य तापमानाला प्रयोगशाळेपर्यंत पोहोचवणे, ही हाताची कला आहे. ती अठ्ठावीस वर्षे न वापरता टिकत नाही.

साथीनंतर सुधारणा झाल्या. १९९७ मध्ये संसर्गजन्य रोगांच्या सर्वेक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम काही मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाला. नोव्हेंबर २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प आला आणि पहिल्या टप्प्यातील राज्यांत महाराष्ट्र होता. जिल्हा सर्वेक्षण अधिकारी हे पद आले, साप्ताहिक नोंदींची शिस्त आली, गावपातळीवरच्या कर्मचाऱ्याने निदानाची वाट न पाहता लक्षणे कळवावीत ही पद्धत आली. फेब्रुवारी २००२ मध्ये हिमाचल प्रदेशातील शिमला जिल्ह्यात आणि २००४ मध्ये उत्तरकाशीच्या एका गावात प्लेग पुन्हा दिसला, तेव्हा दोन्ही ठिकाणी तो त्याच परिसरात रोखला गेला. सुरतेसारखी पळापळ झाली नाही.

तरीही एक त्रुटी उरते. नव्या व्यवस्थेचे डोळे प्रामुख्याने माणसाच्या लक्षणांवर आहेत: ताप, खोकला, जुलाब. प्लेगची पूर्वसूचना माणसाच्या शरीरात नसते, ती घरात असते. आढ्यावरून पडलेला उंदीर, बळदाजवळ पायाला चावणारी पिसू, बुजवलेले बीळ एका रात्रीत पुन्हा उघडणे, यांना रुग्णाच्या फॉर्ममध्ये रकाना सापडणे कठीण. त्यासाठी घराकडे पाहायला शिकलेला माणूस लागतो, आणि तो एका दिवसाच्या कार्यशाळेत तयार होत नाही. शिवाय घरेही बदलली आहेत. मराठवाड्यात माळवदे उतरली, सिमेंटचे स्लॅब आणि पत्रे आले. कणग्यांच्या जागी पोती आणि पत्र्याच्या कोठ्या आल्या. धान्याची गोदामे, बाजार समित्यांचे आडते, बंद पडलेल्या जिनिंग मिल यांत उंदरांची वस्ती नव्या रीतीने बसली आहे. जुन्या पुस्तिकेतला तुळईवरचा पिंजरा आता कुठे लावायचा, हे नव्याने ठरवावे लागते.

राष्ट्रीय संस्थेच्या बंगळुरूच्या केंद्राने कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडू यांच्या सीमाभागातील उंदरांवरची नजर प्लेग नसलेल्या वर्षांतही काढून घेतली नाही. तिथले काम बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटेल: संध्याकाळी पिंजरे, सकाळी पिशव्या, पांढरा ट्रे, बारीक दातांचा कंगवा, वहीत एक आकडा. बहुतेक दिवशी तो आकडा एकाच्या खाली असतो.